राघूची आठवण आणि पिंजऱ्याचा विसर

आपल्या मंडळाच्या बैठकांतून अलीकडे स्मरणलेखांचे वाचन वाढले आहे. आदिलाबाद, बोथ, जैनद, बेला, उटनूर या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांतील ज्येष्ठ मंडळी आपल्या घरांच्या, गोतावळ्याच्या आणि सणवारांच्या आठवणी लिहू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. या लेखांत एक पात्र वारंवार भेटते. ते म्हणजे घरचा पोपट. त्याचे वर्णन आता आम्हाला जवळजवळ पाठ झाले आहे. ओसरीच्या तुळईला टांगलेला पिंजरा. वाटीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड, हिरवी मिरची. आल्यागेल्याला त्याने मारलेली हाक. आजीचा त्याच्यावर असलेला जीव. आणि शेवटी, एके दिवशी पिंजऱ्याचे दार उघडे राहिले व तो उडून गेला. बहुतेक लेख येथेच संपतात. श्रोत्यांचे डोळे पाणावतात. आमचेही पाणावले आहेत.

प्रस्तुत लेखात आम्हाला या 'उडून गेला'विषयी लिहावयाचे आहे. पाळलेल्या पक्ष्याची आठवण लिहिताना मराठी लेखकाला पक्षी आठवतो, त्याचे बोलणे आठवते. पण पिंजरा आठवत नाही. आठवला तरी तो खुंटीवरच्या पागोट्यासारखा घराच्या शोभेचा एक भाग म्हणून येतो. ज्याने तो आणला, ज्याने त्याला कडी लावली, तो माणूस लेखात दिसतच नाही. ही आमची तक्रार आहे. तक्रारीतून आम्ही स्वतःला वगळलेले नाही, हे पुढे दिसेलच.

ही विसरण्याची सवय जुनी आहे. ती कोठून आली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

इंग्रजी 'नॉव्हेल'ला आपले तेलुगू शेजारी 'नवल' म्हणतात, हिंदी भाषक 'उपन्यास' म्हणतात. आपण मात्र सातव्या शतकातील बाणभट्टाच्या एका नायिकेचे नाव उचलून साऱ्या वाङ्मयप्रकाराला दिले. बाणाची ती 'कादंबरी' सांगतो कोण? पिंजऱ्यातला एक पोपट. विदिशेच्या शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या सोन्याच्या पिंजऱ्यातून वैशंपायन नावाचा पोपट घेऊन येते. तो उजवा पाय उचलून राजाला आशीर्वाद देतो आणि मग आपली हकीकत सांगू लागतो. पंपा सरोवराच्या काठी एका जीर्ण शाल्मलीच्या ढोलीत आपला जन्म झाला, जन्मतःच आई गेली, म्हाताऱ्या बापाने वाढवले, असे तो सांगतो. एके दिवशी शिकारी आले. त्यांच्यातला एक म्हातारा झाडावर चढला आणि ढोल्यांमधून पाखरे काढून, माना मुरगळून खाली टाकू लागला. बापाने पिलाला पंखाखाली घेतले. बाप मारला गेला. पिलू वाळलेल्या पाचोळ्यावर पडले म्हणून वाचले.

शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. आपल्या जिल्ह्याच्या रानात ती अजूनही लाल फुलांनी लगडलेली दिसते. बाणाने जे केले ते विलक्षण आहे. ढोलीतून पिलू काढले जाते, ही घटना त्याने पिलाच्या तोंडून सांगितली. हीच घटना आपल्या घरांतून कशी सांगितली जाते ते पाहा. 'आजोबांनी सालगड्याला सांगून ढोलीतून पिलू काढवून आणले', एवढ्या एका वाक्यात ती आटोपते. त्या ढोलीत आणखी पिले होती का, त्यांचे काय झाले, नर-मादी झाडाभोवती किती वेळ ओरडत राहिली, हे कोणी विचारत नाही. ज्या भाषेने आपल्या गद्यकथेला पोपटाने सांगितलेल्या कथेचे नाव दिले, त्या भाषेत पोपटाची बाजू कोणी सांगू नये, हे आश्चर्य नव्हे काय?

बाणानंतरच्या परंपरेत पोपट बोलतो, पण दुसऱ्यांविषयी. संस्कृत 'शुकसप्तती'त धनी परगावी गेलेला असतो आणि पिंजऱ्यातला पोपट रोज रात्री एक गोष्ट सांगून घरच्या स्त्रीला उंबरठ्याच्या आत थोपवून धरतो. मराठीत याची 'शुकबहात्तरी' झाली. चौदाव्या शतकात नख्शबीने त्या गोष्टी फार्सीत 'तूतीनामा' म्हणून नेल्या, आणि 1639 साली गवासी या कवीने गोवळकोंड्याच्या कुतुबशाही दरबारात त्यांचे दखनी काव्य केले. म्हणजे आपल्या हैदराबादच्या परिसरातही हा पोपट साडेतीनशेहून अधिक वर्षे बोलतो आहे. परंतु तो बोलतो धन्याच्या घराची राखण करण्यासाठी.

संतवाङ्मयात पोपट आला तो दृष्टान्त होऊन. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात नळीवर बसलेल्या पोपटाचा दृष्टान्त आहे. पोपट नळीवर बसतो, त्याच्या भाराने ती फिरते, तो उलटा लोंबकळू लागतो, आणि पडण्याच्या भयाने नळी अधिकच घट्ट धरतो. त्याला कोणी बांधलेले नसते. आपण बांधलेले आहोत असे त्याला वाटते, एवढेच. जीवाच्या भ्रमासाठी याहून नेमका दृष्टान्त सापडणे कठीण. पण आपल्या घरांनी त्याचा सोयीस्कर अर्थ काढला. बंधन मनातले असते, हे आपण देवघरात ऐकले आणि ओसरीवरच्या लोखंडी गजांनाही ते लावून मोकळे झालो. ज्ञानदेवांच्या दृष्टान्तातला पोपट नळी सोडून उडू शकत होता. आमच्या ओसरीवरचा उडू शकत नव्हता.

स्त्रियांच्या ओव्यांत राघू म्हणजे मुलगा आणि मैना म्हणजे लेक. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये गोळा केलेल्या ओव्या ज्यांनी वाचल्या आहेत, किंवा ज्यांनी पहाटेच्या जात्यावर त्या प्रत्यक्ष ऐकल्या आहेत, त्यांना हे सांगावयास नको. अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीत मैना म्हणजे गावी राहिलेली सखी, आणि पुढे हाच विरह संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मुलखाचा होतो. आम्हा सीमेवरच्या लोकांना ती रचना ऐकताना घशात आवंढा येतो, तो उगाच नव्हे. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आत्मा, पुत्र, लेक, सखी, प्रांत. पक्षी आला की त्याच्या आडून दुसरे कोणीतरी आत येते. पक्षी बिचारा दारातच राहतो.

हा दोष केवळ आपला नाही. दोन हजार वर्षांपूर्वी ओव्हिड या रोमन कवीने आपल्या प्रेयसीच्या मेलेल्या पोपटावर एक विलापिका लिहिली. तो पोपट हिंदुस्थानातून आलेला होता, असे कवी स्पष्ट सांगतो. सर्व पाखरांना तो अंत्ययात्रेला बोलावतो, पोपटाला पुण्यवान पक्ष्यांच्या स्वर्गातील उपवनात पोहोचवतो, त्याच्या थडग्यावर लहानसा दगडही बसवतो. कविता मोठी लाघवी आहे. पण हिंदुस्थानातल्या कुठल्या रानातून, कोणी, कसा तो पोपट तिथवर नेला, याविषयी तिच्यात अवाक्षर नाही. ओव्हिडने आपला पोपट स्वर्गात पाठवला. आम्ही आमचे पोपट थव्यात पाठवतो. दोन्ही ठिकाणी लेखकाची सुटका होते.

पिंजऱ्याचा हिशेब मागणारी कथा आम्हाला सापडली ती मराठीत नव्हे, शेजारच्या अंगणात. भद्राचलचे रामदास, म्हणजे कंचर्ल गोपन्ना, हे सतराव्या शतकात पाल्वंच्याचे तहसीलदार होते. म्हणजे आमच्याच महसूल खात्यातले पूर्वज. सरकारी वसुलाच्या पैशातून त्यांनी रामाचे देऊळ उभारले आणि त्यासाठी तानाशहाने त्यांना गोवळकोंड्याच्या किल्ल्यात बारा वर्षे कैदेत ठेवले, असे सांगतात. एवढ्या मोठ्या रामभक्ताला ही शिक्षा का भोगावी लागली? तेलुगू लोककथेचे उत्तर असे, की पूर्वजन्मी त्यांनी एक पोपट पिंजऱ्यात कोंडला होता, त्याची ही फेड. हैदराबादेत नोकरीला असताना आम्ही ही गोष्ट एका तेलुगू सहकाऱ्याकडून प्रथम ऐकली तेव्हा हसलो होतो. आता हसू येत नाही. तेलुगूत पोपटाला 'रामचिलुक' म्हणतात, आणि आपला 'राघू'ही कानाला रघुनाथाचीच आठवण करून देतो. दोन्ही भाषांनी या पक्ष्याला रामाच्या जवळ नेऊन ठेवले. त्याला कोंडणे हा अपराध आहे, हे मात्र त्यांच्या कथेने म्हटले. पूर्वजन्म मानावा की न मानावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. एका पाखराची कैद कोणाच्या तरी नावावर मांडली गेली, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

मग मराठीत असे काहीच नाही काय? आहे. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त ते आहे. 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात 'भूतदया' नावाचे प्रकरण आहे. घरट्यातून पडलेले एक पिलू आणि त्याला जगवण्यासाठी मुलांनी केलेली धडपड, एवढाच त्याचा विषय. पिलू जगत नाही. या पुस्तकावर अश्रूंचा आरोप करण्याची समीक्षकांत पद्धत आहे. तो सर्वस्वी खोटा आहे असेही आम्ही म्हणणार नाही. परंतु या प्रकरणातले पिलू शेवटपर्यंत पिलूच राहते. ते कोणाचा आत्मा होत नाही, आकाशात उडून जात नाही. मुलांची माया खरी होती आणि ती पुरी पडली नाही, या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. ज्या वयात आपण श्याम होतो, त्या वयातल्या आठवणी लिहिणाऱ्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावे.

पक्ष्याला पक्षी म्हणून पाहणारे गद्यही मराठीत उशिरा का होईना आले, ते मारुती चितमपल्ली यांच्यामुळे. 2006 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे आणि 2025 साली पद्मश्रीनंतर काही आठवड्यांतच आपल्यातून गेलेले हे वनाधिकारी आमच्या पलीकडच्या विदर्भाच्या रानांत वर्षानुवर्षे राहिले. 'पक्षी जाय दिगंतरा'मधून आणि 'पक्षिकोशा'तून त्यांनी पाखरांची नावे, घरटी, विणीचे हंगाम आणि लोकसमजुती यांची जी नोंद केली, तिच्यामागे एक शिस्त आहे. ती शिस्त म्हणजे जे दिसले ते लिहायचे. आमच्या स्मरणलेखांना हीच शिस्त हवी आहे. पाहिलेले लिहिणे रानात सोपे आणि घरात अवघड असते, इतकेच.

आता आमच्या घरच्या राघूकडे येतो.

आमची आजी किनवटकडची. तिचे लग्न झाले तेव्हा किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होते. 1956 च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली. किनवट आणि राजुरा हे तालुके तोडून नांदेड जिल्ह्याला जोडले गेले, म्हणजे मुंबई राज्यात गेले, आणि आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. राजुरा पुढे 1959 साली चांदा जिल्ह्यात गेला. आजीच्या दृष्टीने घडले ते इतकेच, की तिचे माहेर दुसऱ्या राज्यात गेले. त्याच्या पुढच्याच वर्षी आजोबांनी सालगड्याकरवी शेताच्या बांधावरल्या जुन्या झाडाच्या ढोलीतून एक पिलू काढवून आणले व आजीच्या हाती दिले. माहेर गेले म्हणून पोपट आला, असे घरात गमतीने म्हणत.

आजीने त्याला शिकवले असे म्हणवत नाही. अंगणात पाऊल वाजले की ती आतूनच विचारी, "कोन आलं?" येणारा तेलुगू असेल या विचाराने लगेच पुढे, "एवरु?" आणि मग सुनांना उद्देशून, "पानी द्या." दिवसातून वीस वेळा ऐकलेले हे तिन्ही शब्द राघूने उचलले, ते आजीच्या आवाजासकट. तिसऱ्या वर्षी त्याला कंठ फुटला, म्हणजे मानेभोवती काळी-गुलाबी कड उमटली, तेव्हा आजीने शेजारी साखर वाटली होती म्हणतात. आमचा जन्म त्यानंतरचा. आम्ही कळते झालो तेव्हा घरात हे दोन आवाज होते आणि डोळे मिटले तर कोणता कोणाचा ते सांगता येत नसे.

पक्षितज्ज्ञ सांगतात की रानातला पोपट आपल्या थव्याचे आवाज ऐकून ऐकून शिकतो. ती त्याची आपल्या माणसांत असण्याची खूण असते. पिंजऱ्यातल्या पोपटाला थवा नसतो, म्हणून तो समोरच्या माणसाचा आवाज उचलतो. ज्याला आम्ही राघूची हुशारी म्हणत होतो, ती त्याची एकाकीपणावरची तोड होती. 'पोपटपंची' हा शब्द आपण अर्थशून्य घोकंपट्टीसाठी वापरतो. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाला पिंजऱ्यातला पोपट म्हटले, तेव्हा आम्ही कचेरीत बसून त्याच अर्थाने हसलो होतो. वास्तविक पोपटाच्या बोलण्यात अर्थ नसतो असे नाही. शब्दाचा नसेल, पण 'मी येथे आहे, तुमच्यातला आहे' हा असतो. परमुलखात भाषा धरून राहिलेल्या आपल्यासारख्यांना हा अर्थ परका वाटू नये.

1970 च्या पावसाळ्यात आजी गेली. तेरावा झाला, पाहुणे पांगले. त्यानंतर एका दुपारी अंगणात कोणाचे तरी पाऊल वाजले आणि ओसरीवरून आजीच्या आवाजात प्रश्न आला, "कोन आलं?" स्वयंपाकघरात आईच्या हातातले भांडे खाली पडले, हे आम्हाला स्पष्ट आठवते. मग ते रोजचेच झाले. वडिलांना ते सोसेना. ते मागच्या दाराने ये-जा करू लागले. आजीचे वर्षश्राद्ध झाल्यावर एके सकाळी त्यांनी पिंजरा अंगणात ठेवला आणि दार उघडले.

येथपर्यंतची हकीकत आम्ही याच पत्रिकेत 2009 साली 'राघू' या लेखात लिहिली होती. लेखाचा शेवट असा होता, की राघू दारात क्षणभर थांबला, त्याने मान वळवून घराकडे पाहिले आणि ज्वारीच्या शेतावरून जाणाऱ्या थव्यात तो मिसळून गेला. लेख पुष्कळांना आवडला. मंडळाच्या वार्षिक सभेत त्याचे वाचन झाले. आमची थोरली बहीण यवतमाळला असते. तिला अंक पाठवला. आठवड्याने तिचे कार्ड आले. त्यावर दोनच वाक्ये होती : "लेख छान उतरला आहे. पण मांजर कुठे गेलं?"

ते कार्ड आम्ही सोळा वर्षे कपाटात ठेवले आहे.

राघू उडाला नाही. पंधरा वर्षांच्या आसपास पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या पंखांत थव्याबरोबर उडण्याचे बळ उरत नाही, हे आज कळते. तेव्हा वडिलांनाही माहीत नसावे. तो बाहेर आला, पिंजऱ्याच्या छपरावर चढला, तेथून फडफडत विहिरीच्या कठड्यापर्यंत गेला, खाली उतरला आणि चालत चालत पुन्हा पिंजऱ्याकडे आला. वडिलांना कामावर जायचे होते. त्यांनी आम्हाला बजावले, "याच्यावर लक्ष ठेव. संध्याकाळपर्यंत गेला नाही तर आत घे." आम्ही तेव्हा दहा वर्षांचे होतो. घटकाभर बसलो. मग गल्लीतून पोरांची हाक आली आणि आम्ही गोट्या खेळायला गेलो. परत आलो तेव्हा विहिरीजवळ हिरवी पिसे पडली होती. बहिणीने ती गोळा केली. शेजारच्या मांजराला अंगणातून बाहेर जाताना तिने पाहिले होते. आई म्हणाली, "बाबांना काही बोलू नका. उडून गेला म्हणा."

आम्ही म्हटले. वडिलांना समाधान वाटले. 'उडून गेला' हे वाक्य आईने दुःखातल्या माणसासाठी, त्या एका संध्याकाळपुरते रचले होते. त्यात दया होती. आम्ही अडतीस वर्षांनी ते छापले, तेव्हा वडील हयात नव्हते. मग ती दया कोणावर होती? स्वतःवरच. वर ओव्हिडविषयी जे लिहिले ते प्रथम आम्हाला लागू पडते.

यावर कोणी म्हणेल, आठवणी ललित असतात, त्यांना पंचनाम्याची भाषा लावू नये. आम्ही सारे आयुष्य पंचनामे वाचण्यात घालवले, त्यामुळे हा आक्षेप येणारच. परंतु प्रश्न भाषेचा नाही. 2009 चा आमचा लेख ललित म्हणूनही दुबळा होता. ज्याला दहा वर्षे कोणी उडताना पाहिले नव्हते, तो पक्षी एकाएकी थव्यात कसा मिसळला, ही शंका जाणत्या वाचकाला यायला हवी होती. थवा त्या लेखात आला तो राघूसाठी नव्हे, शेवट गोड व्हावा म्हणून. त्या लेखात आजी होती, तिचे माहेर होते, सीमा होती, भाषा होती. राघू आजीचा आवाज होता आणि मराठीचे प्रतीक होता. इतकी ओझी घेऊन कोणता पक्षी उडेल? एक खरा पोपट, ज्याला ढोलीतून काढले, ज्याला थवा मिळाला नाही आणि ज्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितलेला मुलगा खेळायला गेला, तो त्या लेखात नव्हता.

आज पोपट पकडणे, विकणे वा पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. आपल्या ओसऱ्यांवरून पिंजरे गेले, हे चांगलेच झाले. पण पिंजरा गेला म्हणून त्याचा हिशेब मिटत नाही; तो आता लिहिणाऱ्यांकडे आला आहे. घरच्या पोपटाच्या आठवणी पुष्कळ लिहाव्यात. त्या घरांचा आवाज त्यांच्यात आहे, आणि पुढच्या पिढीला तो दुसरीकडे कोठे ऐकू येणार नाही. लिहिताना एवढेच करावे, की तो कोठून आणला ते सांगावे, कडी कोण लावीत असे ते सांगावे, आणि शेवट जसा झाला तसा सांगावा. माया त्याने कमी होत नाही. आमचे राघूवर प्रेम होते, हे आम्ही आजही छातीला हात लावून सांगू. त्या दिवशी आम्ही तेथे नव्हतो, हेही तितकेच खरे आहे.

तेव्हा, संपादकांच्या अनुमतीने, 2009 च्या आमच्या लेखासाठी हे शुद्धिपत्र सादर करतो. शेवटच्या परिच्छेदात 'राघू थव्यात मिसळून गेला' असे छापले आहे. त्याऐवजी 'आम्ही खेळायला गेलो' असे वाचावे.